तोळाभर जस्त

एक गुंठा जमीन डोळ्यांसमोर आणा. घरामागचा परस, त्यात घेवड्याचा मांडव, चार वांगी, मिरच्या, कडेला भोपळ्याचा वेल. आता वरची फक्त १५ सेंटिमीटर माती मोजायची. तिचं वजन ढोबळमानाने २२ टन भरतं. भाजीची बहुतेक बारीक मुळं ह्याच थरात असतात.

ह्या २२ टनांत झाडाला उचलता येईल असं जस्त किती हवं? आपल्याकडच्या माती परीक्षणात त्याची सीमारेषा ०.६ पीपीएम धरतात, म्हणजे दहा लाख भागांत ०.६ भाग. गुंठ्याचा हिशेब केला तर साधारण १३ ग्रॅम. तोळा, फार तर तोळ्याहून थोडं जास्त. २२ टन मातीत तोळाभर जस्त असलं तर जमीन ‘पुरेशी’, नसलं तर ‘कमतरता’.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, डेटाबेसवर काम करतो. एखाद्या कोडमध्ये ०.६ असा आकडा नुसता लिहिलेला दिसला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, हा कुठून आला? कुणी ठरवला, कशावर तपासला, आणि ज्या डेटावर आपण तो चालवतोय तो डेटा तसाच आहे का? माझं आजोळ अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात आहे, ज्याला लोक डांगाण म्हणतात. तिथल्या परसातल्या मातीबद्दल हाच प्रश्न विचारत मागे गेलो, तर वाट पार शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेली.

एक नदी, दोन माती

अहिल्यानगर जिल्हा म्हटलं की बहुतेकांना दुष्काळ, ऊस आणि साखर कारखाने आठवतात. पण ह्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कळसूबाई आहे, १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. हरिश्चंद्रगड आहे. घाटघरला इतका पाऊस पडतो की त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. तिथून सरळ पूर्वेला उतरत गेलं की शंभर किलोमीटरच्या आतच आपण पर्जन्यछायेत पोचतो. वर पाऊस थांबावा म्हणून लोक हात जोडतात आणि खाली यावा म्हणून.

ह्या दोन टोकांना जोडते प्रवरा. रतनगडाजवळ उगम, मग भंडारदरा, रंधा, अकोले, संगमनेर, आणि शेवटी नेवाशाजवळ प्रवरासंगमला ती गोदावरीला मिळते. मूळ खडक दोन्हीकडे एकच, काळा बेसाल्ट. पण पावसाने त्याच्या दोन वेगळ्या माती केल्या.

डोंगरावर पाऊस वर्षानुवर्षं मातीतून झिरपत राहतो. सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे विरघळणारे क्षार घेऊन जातो. बोरॉनही पाण्याबरोबर सहज निघून जातं. मागे लोह राहतं, म्हणून माती तांबूस दिसते आणि आम्लतेकडे झुकते. अशा मातीत लोह आणि मँगनीज झाडाला भरपूर मिळतं.

खाली सपाटीला उलट. तिथल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे सापडतात, सामू ८ च्या पुढे जातो. लोह तिथेही आहे, भरपूर आहे, पण असं बांधलेलं की मुळांना ते सुटत नाही. मग उसाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात. शेतकरी म्हणतात केवडा पडला, आणि हिराकस फवारतात. हिराकस म्हणजे लोहाचंच सल्फेट. जस्ताचंही तसंच, सामू वाढला की ते मुळांच्या हाती लागेनासं होतं.

म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच खडकापासून झालेल्या मातीत, दुखणी जवळपास उलटी. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास ह्या फरकाभोवती फिरतो.

राब, आणि नसलेला रकाना

डोंगरातल्या शेतीवर कुणी अभ्यासच केला नाही असं मुळीच नाही. उलट एक अभ्यास फार लवकर झाला. सह्याद्रीच्या पट्ट्यात भाताची रोपं टाकायच्या आधी त्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण, गवत पसरून जाळतात. हाच राब. जंगल खात्याला तो डोळ्यांत खुपायचा, कारण त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मुंबई इलाख्यात ह्यावर मोठा वाद झाला. राब ही अडाणी नासाडी आहे की त्यामागे काही तथ्य आहे, असा तो वाद.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान रसायनशास्त्रज्ञ होते. मराठी वाचकांना ते खेड्यांच्या आर्थिक पाहणीमुळे माहीत असतील. त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर ह्यांच्याबरोबर राब पद्धतीवर सविस्तर रासायनिक अभ्यास केला. तो १९१२ मध्ये सरकारी कृषी खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. शेतकरी शतकानुशतकं जे करत आले होते त्याला हसण्याऐवजी ते प्रयोगशाळेत नेऊन तपासावं, ही त्यांची भूमिका आजही आवडण्यासारखी आहे.

पण १९१२ हे साल बघा. पिकाला लोह लागतं हे तेव्हा माहीत होतं. फ्रान्समध्ये युसेब ग्री ह्यांनी १८४० च्या दशकातच पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाचे क्षार देऊन ती हिरवी करून दाखवली होती. बोरॉन लागतं हे मात्र पक्कं झालं १९२३ मध्ये. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड केंद्रात कॅथरीन वॉरिंग्टन ह्यांनी बाकल्यावर, म्हणजे आपल्या घेवड्यासारख्याच शेंगवर्गीय झाडावर, ते दाखवून दिलं. जस्ताची गरज १९२६ मध्ये सॉमर आणि लिपमन ह्यांनी सिद्ध केली. मॉलिब्डेनमची १९३९ मध्ये, अर्नॉन आणि स्टाउट ह्यांनी, आणि तीही टोमॅटोच्या रोपांवर.

म्हणजे मान, जोशी आणि कानिटकर राबाची राख तपासत होते तेव्हा जस्त, बोरॉन, मॉलिब्डेनम पिकाला लागतात हेच जगात कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेबलमध्ये तो रकानाच नव्हता. रकाना नसेल तर नोंद होत नाही, आणि नोंद नसली की पुढच्या लोकांना वाटतं तिथे काही नव्हतंच.

आजच्या ज्ञानाने राबाकडे पाहिलं तर राखेचं एक काम स्पष्ट दिसतं. राख अल्कधर्मी असते. आम्ल मातीत ती पडली की तेवढ्या जागेपुरता आम्लपणा कमी होतो. झाडाने खोल मुळांनी वर ओढलेली खनिजं राखेतून वरच्या थरात परत येतात. परसात चुलीची राख आणि डांगी गाईंचं शेण टाकणारी आजी हेच छोट्या प्रमाणावर करत होती. ती ह्याला ‘भाजीला राख मानवते’ एवढंच म्हणायची.

जिकडे पाणी, तिकडे मोजणी

जस्ताचं कोडं सुटलं त्याच १९२६ साली प्रवरेवरचं भंडारदरा धरण पूर्ण झालं. डोंगरात पडलेलं पाणी डोंगरातच अडवायचं, खाली सोडायचं, ओझरच्या बंधाऱ्यापासून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या बाजूला न्यायचं अशी ती योजना. दुष्काळी पट्ट्यात बारमाही पाणी आलं आणि ऊस उभा राहिला. पुढे १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांची ती कथा महाराष्ट्राला पाठ आहे.

पाण्याबरोबर दुखणंही आलं. काळ्या जमिनीत पाणी साचलं, क्षार वर आले, चांगल्या जमिनी खारवट झाल्या. कालव्यात सरकारचा पैसा गुंतला होता, त्यामुळे माती समजून घेणं निकडीचं झालं. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर ह्यांनी नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवे ह्यांखालच्या जमिनींची पाहणी केली, खड्डे खणून थरावार माती तपासली, तिचं वर्गीकरण केलं. १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. भारतातल्या मृदाशास्त्रात ह्या कामाला मोठा मान आहे.

ह्या सगळ्या कामात एक दिशा दिसते. पाणी ज्या दिशेने गेलं त्याच दिशेने मोजणी गेली. ज्या जमिनीत भांडवल ओतलं तिची माती आधी तपासली. ह्यात कुणाचा कट नव्हता. पाहणीला पैसा लागतो आणि पैसा परतावा मागतो, इतकं ते साधं आहे. १९६८ मध्ये स्थापन झालेलं महात्मा फुले कृषी विद्यापीठही राहुरीला, म्हणजे कालव्याच्या आणि काळ्या मातीच्या मुलखातच आहे. पाणी पाठवणारा डोंगर मात्र नकाशावर ‘पाणलोट क्षेत्र’ ह्या नावाने राहिला. त्या दोन शब्दांत धरणात येणारं पाणी दिसतं, वरचं घेवड्याचं परस दिसत नाही.

कोलोरॅडोची फूटपट्टी

सूक्ष्म अन्नद्रव्यांकडे देशाचं लक्ष गेलं हरितक्रांतीच्या काळात. १९६६ मध्ये पंतनगरला वाय. एल. नेने ह्यांनी दाखवून दिलं की तराई भागात भाताला होणारा ‘खैरा’ हा जंतूंचा रोग नसून जस्ताची कमतरता आहे. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, भारतीय कृषी संशोधन परिषदेने सूक्ष्म अन्नद्रव्यांवर अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू केला. त्याच प्रकल्पातून पुढे देशभरातल्या दोन लाखांहून जास्त नमुन्यांचं चित्र पुढे आलं, सुमारे ३६ टक्के नमुन्यांत जस्त कमी, सुमारे २३ टक्क्यांत बोरॉन कमी, सुमारे १३ टक्क्यांत लोह कमी.

हे मोजतात कसं? मातीत एकूण जस्त किती हे मोजून उपयोग नाही, कारण त्यातलं बहुतेक खनिजांत अडकलेलं असतं. झाडाला मिळेल तेवढंच मोजायचं असतं. त्यासाठी डीटीपीए नावाच्या रसायनाचं द्रावण मातीत हलवतात, ते जेवढं जस्त, लोह, तांबं, मँगनीज पकडून आणेल तेवढं ‘उपलब्ध’ धरतात. ही पद्धत लिंडसे आणि नॉरवेल ह्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये पूर्ण स्वरूपात मांडली. स्वस्त, एकाच द्रावणात चार मूलद्रव्यं, आणि भरवशाची. जगभर ती पसरली, आणि ते योग्यच झालं.

आता माझा कोडवाला प्रश्न. ती कशावर तपासली होती? कोलोरॅडोच्या ७७ मातींवर. पिकं होती मका आणि ज्वारी. द्रावणाचा सामू मुद्दाम ७.३ ला बांधून ठेवलेला, कारण पद्धत घडवली होती ती उदासीन आणि चुनखडीयुक्त मातींसाठी. मातीतला चुना विरघळून निकाल बिघडू नये ही त्यामागची काळजी. त्यांनी लोहासाठी सुचवलेली ४.५ पीपीएम ही मर्यादा आजही आपल्या प्रयोगशाळांत वापरतात.

राहुरी-श्रीरामपूरच्या चुनखडीच्या काळ्या मातीला ही फूटपट्टी चपखल बसते. डांगाणातली माती त्या कुळातली नाही. आम्ल मातीवरही ही चाचणी करतात आणि पुष्कळदा कामही भागतं. पण तिथे मिळालेल्या आकड्याचा अर्थ लावताना जास्त सावध राहावं लागतं, आणि मक्यावरून ठरलेली रेषा घेवड्याला किंवा कारल्याला जशीच्या तशी लावता येईल असं नाही. कोलोरॅडोच्या माणसांनी आपलं काम चोख केलं. सह्याद्रीसाठी त्या रेषा पुन्हा तपासणं हे आपलं काम आहे.

हजार गुंठ्यांना एक नमुना

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडहून मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. कार्डावर बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे आकडे पहिल्यांदाच इतक्या शेतकऱ्यांच्या हातात गेले. हे मोठं पाऊल होतं.

पण नमुने घेण्याची चौकट पाहा. पहिल्या दोन फेऱ्यांत बागायती भागात दर अडीच हेक्टरांना एक नमुना आणि कोरडवाहू भागात दर दहा हेक्टरांना एक. सपाट माळावर दहा हेक्टरांत माती फारशी बदलत नाही. डोंगरात बदलते. दहा हेक्टर म्हणजे जवळपास हजार गुंठे, आणि डांगाणातल्या हजार गुंठ्यांत ओढ्याकाठचं खाचर, उतारावरचं वरकस, मुरमाड टेपाड आणि घरामागचं शेणाराखेचं परस, सगळं येऊ शकतं. माझ्या मामांचे तीन तुकडे आहेत, हाकेच्या अंतरावर. मी कार्डाची ही चौकट समजावून सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, “आरं, ह्या तीन तुकड्यांतल्या वांग्यांची चव एक नाय, माती एक कशी असंल?”

सरासरी काढली की टोकं गायब होतात, हे डेटावर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. एका तुकड्यात जस्त ०.३ आणि दुसऱ्यात ०.९ असेल, तर सरासरी बरोबर ०.६ येते, आणि कार्डाला सगळं ठीक दिसतं. प्रत्यक्षात एका तुकड्यातली भाजी उपाशी असते.

दुसरी गोष्ट बारा रकान्यांतली. त्यांत मॉलिब्डेनम नाही. काळ्या अल्कधर्मी मातीत त्याची सहसा चिंता नसते, कारण सामू वाढला की मॉलिब्डेनम उलट जास्त मिळतं. आम्ल मातीत ते कमी मिळतं. फ्लॉवरची पानं चाबकासारखी अरुंद होणं हे त्याच्या कमतरतेचं पाठ्यपुस्तकातलं लक्षण. शिवाय घेवडा, वाल, चवळी ह्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात तेव्हा त्यांना मॉलिब्डेनम लागतंच. म्हणजे आम्ल जमिनीत, शेंगभाज्यांच्या परसात जे मूलद्रव्य आधी पाहायला हवं, नेमकं तेच कार्डावर नाही. १९१२ मध्ये रकाना नव्हता कारण शोध लागला नव्हता. आज शोध लागून ८० हून जास्त वर्षं झाली आहेत.

तिसरी गोष्ट दुकानात दिसते. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण राज्यात ठरवून दिलेल्या ग्रेडमध्ये मिळतं, एक जमिनीतून द्यायला, दुसरं फवारायला. लोह, मँगनीज, जस्त, तांबं, बोरॉन, सगळं ठरलेल्या प्रमाणात एकत्र. संगमनेरच्या चुनखडीच्या रानात केवडा पडलेल्या पिकाला त्यातल्या लोहाचा उपयोग आहे. तीच पिशवी घाटाकडच्या तांबड्या मातीत टाकली तर लोहाचे पैसे पाण्यात. तिथे कदाचित एकट्या बोरॉनची, म्हणजे चिमूटभर टाकणखाराची, गरज असेल. आणि बोरॉन हे असं औषध आहे की गरज आणि विषबाधा ह्यांतलं अंतर फार थोडं. अंदाजाने टाकायची ती वस्तू नव्हे.

बियाणं वाचलं, माती?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे ह्यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. घेवडे, वाल, भाज्या, भात ह्यांची गावरान बियाणी त्यांनी गोळा केली, जपली, वाटली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. डोंगरातल्या परसाला देशाने त्यांच्यामुळे पहिल्यांदा नीट पाहिलं.

बियाणं मडक्यात राखेत घालून ठेवता येतं. माती तशी ठेवता येत नाही. ती दर पावसाळ्यात थोडी खाली जाते, दर तोडणीबरोबर थोडं जस्त, थोडं बोरॉन टोपलीतून निघून जातं. घरच्या ताटासाठी पिकवलं तर त्यातलं बरंचसं शेणातून, राखेतून, उकिरड्यातून परत येतं. पण आता रस्ते झाले, ठिबक आली, टोमॅटो आणि फ्लॉवर क्रेटमध्ये भरून बाजाराला जातात. क्रेट परत येतो, जस्त परत येत नाही. गॅस आल्यावर चुलीची राखही कमी झाली. आईच्या पिढीचा धूर सुटला हे चांगलंच झालं. पण परसात जाणारी एक गोष्ट थांबली, तिची जागा कशाने भरायची हे मोजून ठरवायला हवं.

म्हणून मोजणी डोंगरापर्यंत नेण्याचा आग्रह धरायला हवा. उतारावर हेक्टरांऐवजी मातीच्या प्रकारानुसार नमुने, आम्ल मातीसाठी तपासून घेतलेल्या मर्यादा, आणि गरज आहे तिथे मॉलिब्डेनमचा रकाना. ह्यातलं काहीही अशक्य नाही. १९३८ मध्ये कालव्यांखाली खड्डे खणून थर तपासणारी माणसं ह्याच राज्यात होती.

तोवर आपल्यापुरतं एक काम करता येतं. मी मामांबरोबर मे महिन्यात ते केलं. प्रत्येक तुकड्याचा नमुना वेगळा. एका तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा १५ सेंटिमीटर खोल खड्डा, त्याच्या कडेची माती, सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेली पुन्हा तशीच, अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरपं आणि जस्ताचा मुलामा दिलेली बादली चालत नाही, त्यांचं लोह आणि जस्त मातीला लागतं. आम्ही लाकडी खुंटी आणि प्लास्टिकचं घमेलं वापरलं. पिशव्यांवर मामांनी आपल्या अक्षरात लिहिलं: खाचर, वरकस, परस.